दुखापतीचा रकाना

हे सगळं घडलं ते २०२२ साली. त्या वर्षीच्या मे महिन्यात, एका सोमवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला, जपानमधल्या ओजिमाच्या सरकारी वसाहतीतल्या सहा नंबरच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये नचिकेतने सातव्या मजल्याचं बटण डाव्या हाताने दाबलं. मग अरुणाबाईंसाठी नवव्याचं दाबलं, तेही डाव्याच हाताने. उजवा हात मोकळा होता, मांडीशी सरळ लोंबत होता. दार बंद झालं, लिफ्ट नेहमीसारखी हिसका देऊन वर निघाली. अरुणाबाईंच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या आणि एका पिशवीतून कांद्याच्या लांबलचक पातीची टोकं त्यांच्या हनुवटीला टोचत होती. काही झालं नव्हतं. लहानपणापासून त्या उजव्या हाताला घरातले सगळेच जपत आले होते. त्याची आई विभा त्या हातात दप्तरसुद्धा देत नसे, आणि तो स्वतः आठव्या वर्षापासून डाव्या कुशीवर झोपायला शिकला होता. पण बटण दाबणं म्हणजे काही ओझं उचलणं नव्हे. अरुणाबाईंच्या यजमानांनी, हरीशनी, आयुष्याच्या शेवटच्या वर्षी सदऱ्याची बटणं अशीच डाव्या हाताने लावायला सुरुवात केली होती, आणि समोर बसून चहा पिताना आपल्याला ते दिसत होतं, दोन महिने दिसत होतं, हे अरुणाबाईंना एकदम आठवलं. सातवा मजला आला. "मग येऊ का थालीपीठ खायला?" असं तो दर सोमवारी विचारायचा. त्या दिवशी त्याने विचारलं नाही. मान झुकवून बाहेर पडला. दार पुन्हा बंद होताना त्यांना दिसलं की किल्लीही तो डाव्याच हाताने चाचपतो आहे.

अरुणाबाई तेव्हा एकोणसत्तर वर्षांच्या होत्या. सव्विसाव्या वर्षी, १९७९ साली, हरीशबरोबर सेंदाईला आल्या. धातूंवर संशोधन करणाऱ्या माणसाची बायको, सामानात तूरडाळ, गोडा मसाला आणि लोकरीचा एकच स्वेटर. तिथे त्या जपानी शिकल्या त्या वर्गात बसून नव्हे, तर भाजीवालीशी, डॉक्टरशी, वरच्या मजल्यावरच्या म्हातारीशी बोलून, आणि बोलण्यापेक्षा गप्प बसून ऐकून. हिवाळ्यात रॉकेलच्या शेगडीवर किटली ठेवून त्या खिडकीशी बसत. समोरच्या गल्लीतल्या बायका बर्फ ओढताना एकमेकींशी काय बोलतात ते ऐकत. त्यांच्या लक्षात आलं की इथे माणसं म्हणतात एक आणि त्याच्या मागे असतं दुसरं. 'विचार करू' म्हणजे नाही. 'कधीतरी या ना' म्हणजे येऊ नका. हे मागचं ऐकू यायला त्यांना दहा वर्षं लागली, आणि एकदा ऐकू यायला लागल्यावर पुढचं ऐकू येईनासं झालं. हरीश गेले, मग भूकंपात सेंदाईच्या घराच्या भिंतींना तडे गेले, आणि त्या ओजिमाला आल्या. इथे हिंदुस्थानी बिऱ्हाडं भरपूर होती. पुण्या-मुंबईकडची तरुण जोडपी होती, नवरे सॉफ्टवेअरमध्ये. हळूहळू सगळ्यांची कागदपत्रं त्यांच्या जेवणाच्या टेबलावर यायला लागली. शाळेची पत्रं, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, कुठल्या वारी कुठला कचरा टाकायचा त्याचे तक्ते. कुणाबरोबर वॉर्ड ऑफिसात जायचं, कुणाबरोबर बाळंतपणाला. मध्ये बसायचं, याचं त्याला सांगायचं आणि त्याचं याला. आपण मध्ये आहोत हे दोघांनीही विसरावं, इतक्या हळू आवाजात. या कामाचा त्यांना अभिमान होता. तो त्यांनी कुणाला कधी दाखवला नाही.

विभा आणि उदय सातव्या मजल्यावर राहायला आले तेव्हा नचिकेत सहा वर्षांचा होता. हिंदुस्थानी शाळेत त्या वर्षी जागा उरली नव्हती, म्हणून 'एक वर्षापुरता' जपानी शाळेत घातला, तो तिथलाच झाला. आठव्या वर्षी अराकावा नदीकाठच्या मैदानावर पोरांच्या बेसबॉलच्या संघात जाऊ लागला. साताऱ्याहून त्याचे आजोबा पंढरीनाथ फोनच्या पडद्यावर नाक चिकटवून म्हणाले, "अरे, दांडका धरायचाच होता तर क्रिकेटचा तरी धरायचा. गावात सांगायला सोपं पडलं असतं." नचिकेत जपानीत काहीतरी म्हणाला. "काय म्हणतो?" आजोबांनी विचारलं. अरुणाबाई म्हणाल्या, "म्हणतो, तो दांडकं धरत नाही, चेंडू टाकतो." बाराव्या वर्षी त्याचा चेंडू पकडायला मोठी मुलं कां-कूं करायला लागली. सतराव्या वर्षी ताशी एकशे त्रेचाळीस किलोमीटर. पण पोराचं बाकी सगळं अर्धवट होतं. मराठी ऐकण्यापुरती, इंग्रजी गाण्यांपुरती, आणि जपानीतून होणाऱ्या परीक्षांत वर्गात खालून पाचवा-सहावा. उदयचं कंत्राट पुढल्या मार्चमध्ये संपणार होतं. ते संपलं की बिऱ्हाडाचा व्हिसा संपणार. नचिकेतला इथे राहायचं असेल तर एखाद्या विद्यापीठाने त्याला आपला विद्यार्थी म्हणून घ्यायला हवं होतं. परीक्षा देऊन कुणी घेणार नव्हतं. घेतलं तर त्या उजव्या हातासाठी. नाहीतर पुणं. तिथे तो आयुष्यात चारदा गेला होता आणि चारही वेळा पोट बिघडून आजारी पडला होता.

उदय सरळ मनाचा माणूस. त्याने फोनवर घेतलेले तुकडे जोडून सहा मिनिटांचा व्हिडिओ केला, त्यात आलेख घातले, वेगाचे आकडे घातले, आणि एका रविवारी अरुणाबाईंसमोर लॅपटॉप ठेवला. "काकू, वीस युनिव्हर्सिटींचे पत्ते काढलेत. तुम्ही फक्त जपानी मेल लिहून द्या, मी टाकतो सगळ्यांना."

"एकालाही टाकू नकोस," त्या म्हणाल्या.

"का?"

"इथे आई-बाप लिहीत नाहीत. शाळेचे सर, सेन्सेई, बोलतात. ते ज्याच्यासाठी शब्द टाकतील त्याला बघायला बोलावतात. तू लिहिलंस की सेन्सेईंना ओलांडल्यासारखं होतं. मग कुणीच बघत नाही."

"म्हणजे आपण काय करायचं?"

"वाट बघायची. आणि चहा द्यायचा."

विभा हसली. सुपरमार्केटच्या मागच्या खोलीत ती सकाळी भाज्या कापायचा बाइतो, म्हणजे काही तासांची नोकरी, करायची, बोटांना सदैव कोबीचा वास. "बघा," ती नवऱ्याला म्हणाली, "दहा वर्षं मी आणि काकू थर्मास घेऊन नदीकाठी उभ्या राहिलो तेव्हा तुम्ही म्हणायचात, बायकांना उद्योग नाही."

तो चहा ही या खेळातली जुनी रीत. पोरांच्या आयांनी पाळीपाळीने सातूचा गार चहा करून न्यायचा, शिक्षकांच्या हातात पेले द्यायचे, उन्हात उभं राहायचं. सेंदाईला १९९२ साली ही पाळी अरुणाबाईंवर आली होती. त्यांचा मुलगा अंबरीष तेव्हा दहा वर्षांचा होता. डोक्यावर संघाची निळी टोपी, घरात झोपतानाही काढायचा नाही. पाळीचा कागद घरी आला आणि अरुणाबाईंनी तो परत पाठवला. मी एम. ए. झालेली बाई, परक्या पुरुषांना चहाचे पेले वाटत उभी राहणार नाही, असं त्या हरीशना म्हणाल्या, आणि हरीश पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "नको तर नको." संघाचे प्रमुख घरी आले. दारातच वाकून म्हणाले, काही हरकत नाही, आम्ही समजू शकतो, तुमच्या मुलाची जागा संघात कायम राहील. तीन आठवडे अंबरीष मैदानाच्या कडेला बसून आला. त्याला कुणी रागावलं नाही, हाकललं नाही, फक्त हाक मारली नाही. चौथ्या आठवड्यात त्याने टोपी स्वतः धुतली, इस्त्री केली आणि नेऊन दिली. आईला एक शब्द बोलला नाही. तो आता नेदरलँड्समध्ये असतो, दर रविवारी फोन करतो, हवा कशी आहे ते विचारतो. त्या गुळगुळीत इस्त्री केलेल्या टोपीचं टोक दाराबाहेर जाताना अरुणाबाईंना अजून दिसतं. म्हणून साठाव्या वर्षी, स्वतःचा नातू नसलेल्या मुलासाठी, त्या विभाबरोबर थर्मास घेऊन नदीकाठी उभ्या राहिल्या होत्या. प्रत्येक पेला दोन्ही हातांनी दिला होता.

लिफ्टमधल्या त्या दिवसाच्या पुढल्या सोमवारी नचिकेत थालीपीठ खायला आला. लोण्याचा गोळा त्याने चमच्याने उचलला, डाव्या हाताने, आणि तो ताटाबाहेर पडला. अरुणाबाई तव्याकडे बघत राहिल्या. मग तोच बोलला, जपानीत, कारण महत्त्वाचं तो जपानीतच बोलायचा. कोपराच्या आतल्या बाजूला दुखतं. मार्चपासून. चेंडू सोडताना नाही, त्यानंतर. शेवटच्या दोन बोटांना मुंग्या येतात, काड्यांनी भात उचलत नाही.

"आईला सांगितलंस?"

"नाही. सांगू नकोस. सेन्सेईंना तर अजिबात नको. उन्हाळ्याची स्पर्धा आहे. ऑगस्टमध्ये विद्यापीठाची निवड आहे. तेवढं झालं की सांगेन."

"मग मला कशाला सांगतोस?"

तो खांदे उडवून म्हणाला, "तू सगळ्यांचं सगळ्यांना सांगतेस, आजी. तू स्वतः कधी काही म्हणत नाहीस."

हे कौतुक होतं की काय होतं, ते अरुणाबाईंनी नंतर कितीदा तरी उलटसुलट करून पाहिलं. त्या दिवशी त्यांनी तिळाचं तेल कोमट केलं, टेबलावर जुना टॉवेल पसरला आणि त्याचा कोपर हातात घेतला. किती जड होता तो हात. मनगटावर केस आले होते. आतल्या बाजूला, हाडाच्या उंचवट्याखाली, बोट ठेवल्याबरोबर त्याचा श्वास थांबला आणि त्याने खिडकीबाहेर बघितलं. तिथे काहीतरी सैल होतं, पावाच्या आतल्या मऊ भागासारखं. त्यांना ते बोटाखाली स्पष्ट कळलं. त्या बोट तसंच फिरवत राहिल्या, हळूहळू, अंबरीषला कधी असं तेल लावल्याचं आठवतंय का ते मनात शोधत. पुढे दर सोमवारी त्या तेल लावत गेल्या. एकदा बाजारातल्या हाड बसवणाऱ्याकडेही त्याला गुपचूप घेऊन गेल्या. त्याने दोनदा दाबून पाहिलं आणि म्हणाला, हे माझं काम नाही, मोठ्या दवाखान्यात आतला फोटो काढा, लवकर काढा. परत येताना नचिकेत म्हणाला, "ऑगस्टनंतर." अरुणाबाई काही म्हणाल्या नाहीत. त्याच्या बाजूने काही न म्हणणं म्हणजे हो म्हणणंच होतं, हे त्यांना ठाऊक होतं.

जून महिन्याच्या शेवटी शाळेत बोलावणं आलं. मुलगा, पालक आणि सेन्सेई असं तिघांनी बसून पुढचं ठरवायचं, अशी इथली पद्धत आहे. उदयला ऑफिसातून सुटता आलं नाही. विभा, नचिकेत आणि अरुणाबाई गेल्या. दुसऱ्या मजल्यावरचा रिकामा वर्ग, चार बाकं एकमेकांना जोडलेली, खिडकीतून मैदानावर पाणी मारल्याचा वास. ओकुमुरा सेन्सेई पन्नाशीचे, इतिहास शिकवायचे आणि बेसबॉलचा संघ सांभाळायचे. मान आणि मनगटं उन्हाने काळवंडलेली, कपाळ टोपीमुळे पांढरं. त्यांनी आधी नचिकेतच्या वेगाबद्दल सांगितलं, मग विद्यापीठाबद्दल. तिथल्या प्रशिक्षकांशी बोलणं झालंय, ऑगस्टच्या निवडीला बोलावतील. अरुणाबाई सांगत गेल्या आणि विभाचा चेहरा उजळत गेला. मग सेन्सेईंनी नचिकेतला बाहेर पाण्याचा नळ बंद करून यायला सांगितलं. तो गेल्यावर त्यांनी दोन्ही तळवे बाकावर टेकवले आणि विभाकडे बघून बोलायला लागले. बराच वेळ बोलले. पोरं आम्हाला सांगत नाहीत, ते म्हणाले. आईला सांगतात, नाहीतर कुणालाच नाही. हाताला काही होत असेल तर आज सांगा. उन्हाळ्याची स्पर्धा मी त्याला खेळू देणार नाही. तो चिडेल, चिडू दे. विद्यापीठाशी मी बोलेन. दुखऱ्या हाताच्या मुलाला त्यांनी यापूर्वी घेतलेलं आहे, एक वर्ष थांबून. लपवलेल्या हाताच्या मुलाला कधीच घेतलेलं नाही. मला गेल्या महिन्यापासून त्याचा चेंडू आवडत नाहीये. घरी काय दिसतं ते मला खरं सांगा.

अरुणाबाईंनी सगळं ऐकलं. त्यातला एकेक शब्द त्यांना कळला. पण त्यांच्या आत त्या बोलण्याबरोबरच दुसरा आवाज सुरू झाला होता, सेंदाईच्या दारात वाकलेल्या माणसाचा. तुमच्या मुलाची जागा कायम राहील. याचं नाव विद्यापीठाच्या यादीतून काढून टाकायचं असेल तर असंच बोलतील, त्यांना वाटलं. आधी खरं काढून घेतील, मग वाकतील, मग हाक मारणार नाहीत. चाळीस वर्षं त्यांनी शब्दांच्या मागचं ऐकलं होतं. याही शब्दांच्या मागचं त्यांना ऐकू आलं. त्या शब्दांच्या मागे काहीच नाही, जे आहे ते पुढेच आहे, असंही असू शकतं, हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. विभा त्यांच्याकडे बघत होती, ओठ थोडे उघडे, जसं दवाखान्यात डॉक्टर बोलायचा थांबला की सगळ्या बायका बघायच्या.

"विचारताहेत," अरुणाबाई म्हणाल्या, "घरी सगळं ठीक आहे ना. खाणं-पिणं, झोप. तब्येतीची काही तक्रार नाही ना."

"छे, काही नाही. चार-चार वाट्या भात खातो. सांगा त्यांना, बाकी सगळं त्यांच्याच हातात आहे."

अरुणाबाई सेन्सेईंकडे वळल्या आणि म्हणाल्या, "आईचं म्हणणं आहे, काही नाही. बाकी सगळं तुमच्या हातात आहे."

सेन्सेईंनी विभाकडे बघितलं. मग क्षणभर अरुणाबाईंकडे बघितलं, आजवर कुणी बघत नसे तसं, त्या तिथे आहेत असं. मग त्यांनी मान लववली आणि फाइलमधून विद्यापीठाचा कागद काढला.

तो कागद अरुणाबाईंनी घरी आपल्या टेबलावर भरला. काळ्या शाईने, चांगल्या अक्षरात, कारण हाताने लिहिलेल्या अक्षरावरून इथे घराची पारख करतात. उंची, वजन, वेग, कुठल्या हाताने टाकतो. मग दुखापतीचा रकाना. विभा शेजारी बसून हरभरे निवडत होती. पेन त्या रकान्यावर आलं तेव्हा अरुणाबाईंना वाटलं, आत्ता हिच्याकडे वळून सांगावं. दोन मिनिटांचं काम आहे. मग वाटलं, सांगितलं तर ही रडेल, उदय फोन करेल, नचिकेत आपल्याकडे बघेल. ते बघणं त्यांना सगळ्यात जास्त नको होतं. त्यांनी लिहिलं, 'नाही'. जपानीत त्याला दोनच अक्षरं लागतात, अगदी सोपी, पहिलीतली पोरं लिहितात ती. खाली विभाने नावाचा लाल शिक्का मारला, नीट, वाकडा होऊ नये म्हणून श्वास रोखून, आणि कागदावर फुंकर घातली.

जुलैची स्पर्धा झाली. तीन सामन्यांत तो चारशेच्या जवळपास चेंडू टाकून बसला. जाळीमागे वेताच्या टोप्या घातलेली माणसं वेग मोजायची यंत्रं मांडीवर घेऊन बसली होती. विभा त्यांच्याकडे देवळात बघावं तसं बघायची. सोमवारी तेल लावताना कोपर आता गरम लागायचा.

निवड ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात होती. विद्यापीठाचं मैदान शहराबाहेर, साइतामाच्या बाजूला, एका डोंगराच्या पायथ्याशी होतं. रातकिड्यांसारखे ओरडणारे ते मोठे किडे दिवसाढवळ्या झाडांतून एकसारखे करकरत होते. तीसेक मुलं, पाठीवर नंबर लावलेली. नचिकेतचा अकरा. आई-बापांना दोरीपलीकडे उभं केलं होतं आणि टाळ्या वाजवायला मनाई होती. उदयने रजा घेतली होती. लग्नाला घालतात तसा शर्ट घालून तो दोरी मुठीत धरून उभा होता. "काकू, ते लिहून घेतायत," तो कुजबुजला. पहिल्या दहा चेंडूंना जाळीमागची तिन्ही माणसं खाली वाकून लिहीत होती, एकाने दुसऱ्याला कोपराने डिवचलं. पकडणाऱ्याच्या हातमोज्याचा आवाज डोंगरावर जाऊन परत यायचा. चौदाव्या चेंडूला दुसराच आवाज आला. अरुणाबाईंना तो पुढे आयुष्यभर ऐकू यायचा होता. फार मोठा नव्हता. ओली काठी गुडघ्यावर मोडावी तसा. चेंडू जमिनीवर आपटून कुठेतरी भलतीकडे गेला आणि नचिकेत खाली बसला. ओरडला नाही. डाव्या हाताने उजवा हात पोटाशी धरून, देवाला नमस्कार करायला वाकल्यासारखा, मातीवर कपाळ टेकवून बसला. विभा दोरीखालून पळाली. जाळीमागच्या माणसांनी पेनांना टोपणं लावली, मग एकाने पुन्हा काढलं आणि हाक मारली, "नंबर बारा."

दवाखान्यात, बाहेरच्या बाकावर, ओकुमुरा सेन्सेई आले. ते टोपी हातात धरून उभे होते, पांढरं कपाळ उघडं. विभाला आणि उदयला कमरेतून वाकून ते म्हणाले, लक्षात यायला हवं होतं, चूक माझी. मग अरुणाबाईंकडे वळले. "त्या दिवशी मी विचारलं होतं," एवढंच म्हणाले, रागाने नव्हे, खात्री करून घ्यावी तसं. अरुणाबाईंनी मान खाली घातली.

"काय म्हणतायत?" विभाने विचारलं.

"म्हणतायत, चूक त्यांची आहे."

सप्टेंबरपासून विभा बुधवारी वॉर्ड ऑफिसच्या जपानी वर्गाला जायला लागली. "दर वेळी तुम्हाला किती त्रास द्यायचा, काकू," ती म्हणाली. आवाजात काही नव्हतं, पण अरुणाबाई मागचं ऐकत राहिल्या. नचिकेतच्या मनगटातला स्नायूबंध काढून कोपरात बसवला. डॉक्टर म्हणाले, दीड वर्षाने चेंडू टाकून बघता येईल, पूर्वीसारखा नाही. विद्यापीठाचं पत्र आलं, चार ओळींचं, फार सभ्य. सोमवारी थालीपीठ खायला कुणी आलं नाही. लिफ्टमध्ये भेटला तर तो मान झुकवायचा. पूर्वी त्यांच्याशी घरातल्यासारखं तुटक बोलायचा, आता दुकानातली पोरं गिऱ्हाइकाशी बोलतात तसं बोलू लागला. "नववा मजला ना आपला?" असं विचारायचा, आणि बटण दाबायचा.

फेब्रुवारीत सामान बांधायला काढलं. एका दुपारी विभा वर आली. हातात शाळेने परत केलेली फाइल, त्यात त्या कागदाची प्रत. तिने ती टेबलावर ठेवली, लोणच्याची बरणी बाजूला सरकवून, आणि दुखापतीच्या रकान्यावर बोट ठेवलं. नखाखाली हिरवं होतं.

"ही दोन अक्षरं आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवली," ती म्हणाली. "अक्षर तुमचं आहे ना?"

"हो."

"त्याने तुम्हाला सांगितलं होतं?"

"मे महिन्यात."

विभा बसली. "शाळेत सर मला काय म्हणाले होते? ते नचिला बाहेर पाठवून बोलले ते. सगळं सांगा."

आणि अरुणाबाईंनी सांगितलं. आठ महिन्यांनंतर, हळू आवाजात, एकही शब्द इकडचा तिकडे न करता. पोरं आम्हाला सांगत नाहीत. आईला सांगतात, नाहीतर कुणालाच नाही. सगळं. दुखऱ्या हाताचं, एक वर्ष थांबण्याचं, लपवलेल्या हाताचं. त्यांना ते वाक्यन्‌वाक्य पाठ होतं. सांगताना त्यांच्या लक्षात आलं की मराठीत ते किती साधं आहे. त्याच्या मागे ऐकण्यासारखं काहीच नव्हतं. एका माणसाने एका बाईला खरं विचारलं होतं.

विभा टेबलाच्या कडेकडे बघत होती. "ते एवढं बोलले होते," ती म्हणाली, "आणि तुम्ही मला एवढंसं सांगितलंत. मला त्या दिवशी वाटलंसुद्धा. मग म्हटलं, जपानीत सगळंच लांब असतं." ती उठली. कागद तिथेच राहिला. दाराशी चपला घालताना म्हणाली, "तुम्हाला असं का करावंसं वाटलं ते मला सांगू नका, काकू. मला समजेल, म्हणून सांगू नका."

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ते गेले. ओकुमुरा सेन्सेईंनी त्याच महिन्यात संघ सोडला. इतिहास अजून शिकवतात, असं ऐकू येतं. उदयला पुण्यात हिंजवडीला नोकरी लागली, तो व्हिडिओ त्याने लॅपटॉपवरून काढलेला नाही. साताऱ्याचे पंढरीनाथ दुसऱ्या वर्षी वारले. विभाने जपानीची वरची परीक्षा पुण्यात दिली, पास झाली, आणि आता घरी दोन शिकवण्या घेते. अंबरीष रविवारी फोन करतो. एकदा अरुणाबाईंनी त्याला टोपीचं विचारलं. तो म्हणाला, कुठली टोपी, आणि मग हवा कशी आहे ते विचारलं. अरुणाबाई आता कुणाची कागदपत्रं घेत नाहीत. डोळे गेले, असं सांगतात. ते खरं नाही. विभाने ठेवलेला कागद टेबलाच्या खणात आहे.

नचिकेतचा उजवा हात कोपरात पूर्ण सरळ होत नाही. तो चाकणच्या एका मोटारीच्या सुट्या भागांच्या कारखान्यात दुभाषा आहे. जपानी इंजिनियर आणि आपले कामगार, मध्ये तो. ही बातमी विभाच्याच ओळखीच्या एका बाईने लिफ्टमध्ये सांगितली, सातव्यापासून नवव्यापर्यंत. पोराची मराठी आता पुष्कळ सुधारलीय म्हणे, आणि वरचे लोक त्याच्यावर खूश आहेत. फक्त मीटिंगा फार लांबतात, ती बाई हसून म्हणाली. समोरचा शिंकला तरी तेवढंही सांगतो. काही गाळत नाही.